जिंजीचा दरवाजा

देविकानं फोन बंद केला आणि मंदारला विंगेत ओढलं.

"श्रीवत्स गेला. गुम्मिडिपूंडीला, कारखान्यात. क्रेनवरचं लोखंड सुटलं."

मंदारच्या हातातली पगडी हातातच राहिली. श्रीवत्स हा नारायणस्वामींचा, म्हणजे मंडळातल्या सगळ्यांच्या मामांचा, एकुलता एक मुलगा. सहा रविवार खपून नाटकातला जिंजीचा दरवाजा त्यानंच बनवला होता. आणि पलीकडे आरशासमोर नारायणस्वामी किल्लेदाराची मिशी चिकटवत बसले होते.

"पोलीस आठच्या आत बॉडी ताब्यात देणार नाहीत. आपल्या मंडळातला महेश तिथं आहे. मामांना आत्ता सांगून काय होणार? प्रयोग संपला की सांगू." देविका दिग्दर्शिका. बाहेर तीनशे माणसं येऊन बसली होती.

मंदारचं काम जासुदाचं. 'किल्लेदार, आपला मुलगा पडला' हे वाक्य त्याच्याच तोंडी.

"मी कसं बोलू ते?"

"पाठ केलंय तसं."

शिरस्त्याप्रमाणे मोबाइल गोळा करायला पिशवी फिरली. मामांचा मोबाइल वाजायच्या आत तिच्यात पडायला हवा होता. मामांनी तो निमूट टाकला. बंदच होता. मंदारचा जीव भांड्यात पडला.

नटराजाच्या पूजेला मंडळी जमली. नारळ फोडायचा मान दरवर्षी मामांचा. आज ते लांब, दारापाशीच थांबले आणि आपल्या तमिळ वळणाच्या मराठीत मंदारला म्हणाले,

"खांदा दुखतंय, पा. तू फोड."

मंदारनं फोडला. म्हाताऱ्याला असं फसवताना त्याला स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या अंकात तो धावत रंगमंचावर गेला. "किल्लेदार... आपला मुलगा पडला."

तालमीत मामा इथं मटकन बसायचे. आज बसले नाहीत. दरवाजापाशी गेले आणि प्लायवूडवर तळहात टेकून बराच वेळ उभे राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "दरवाजा शाबूत आहे. लढा."

टाळ्या थांबेनात. मंदारला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पडदा पडल्यावर देविकाला धीर होईना, म्हणून तोच आत गेला. मामा तोंड धुऊन, जड पिशवी खांद्याला लावून तयार उभे होते.

"मामा, आधीच सांगायला हवं होतं. आम्ही..."

मामांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

"आठ वाजलं. अत्ता देतील त्याला. चल, पा." दारात ते थांबले. "रागावू नको. सुतकांत नारळ कसं फोडायचं?"