लाख वातींचे वाटे

इतवारीच्या बाजारातून कापूस आला. माझ्या लाख वातींच्या व्रतासाठी तिघी सुना माजघरात वळायला बसल्या. त्यांचं हसणं ओसरीवर एकटी बसलेल्या मला ऐकू येई; मी आत गेले की थांबे. सासूनं सुनांच्या बरोबरीनं बसायचं नाही, हा नियम माझाच. सारखे वाटे करताना एक वात उरली आणि एवढ्याशा पुण्यासाठी बाया भांडू लागल्या. शाळकरी नात म्हणाली, “आजी, लाखाले तिनानं भागच जात नाही. चौघींत बरोबर बसते, पंचवीस-पंचवीस हजार.” “मग चौथी मी.” थोरली गोड बोलली, “तुम्ही काहून त्रास घेता, आत्याबाई? तुमच्या वाती आम्ही तिघी वाटून घेतो.” मी नातीला विचारलं, “पंचवीस हजाराले तरी जाते का वं भाग?” तिनं पाटीवर मांडलं. “नाही. एक उरतेच.” “मग सरका,” म्हणत मी बसले. संध्याकाळपर्यंत कुणी हसलं नाही.