मुक्कामाची बांधाबांध

अनितानं सुकटीची पुडी पिशवीत घातली, काढली, पुन्हा घातली. वासावर मामा येतो म्हणतात.

हौसाबाईंच्या घरात बिबट्याचं नाव घ्यायची सोय नव्हती. नाव घेतलं की तो ओ देतो, हे त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलेलं आणि त्यांनी सुनेच्या डोक्यात ठोकून बसवलेलं. मामा म्हणायचं, नाहीतर तोंड मिटायचं. मागच्याच आठवड्यात या मामानं टोकावड्यातल्या बारकूची शेळी गोठ्यातून उचलली होती. आणि अनिताच्या नवऱ्याला, हरेशला, नेमकं आत्ताच सुचलं होतं वैशाखरे गावाच्या पुढं नदीकाठी तंबू ठोकून झोपायचं. सोबत एक वर्षाचं पोर, रघू.

“लोक कुठून कुठून येतात आपल्या रानात झोपायला,” तो म्हणाला होता. “आपल्यालाच काय काटे टोचतात?”

अनिताची सगळी भिस्त सासूवर होती. काल संध्याकाळी हौसाबाईंनी ओट्यावर बसून लेकाची यथासांग पूजा बांधली होती.

“चार भिंती बांधताना माझी हाडं झिजली, आन ह्याला फडक्यात झोपायचंय. तू जा, माकडासारखा झाडावर झोप. नातवाला नेशील तर माझ्या मढ्यावरनं नेशील.”

त्या एका वाक्यावर अनिता रात्री निर्धास्त झोपली. सकाळी हरेश अंगणात गाडीच्या टपावर सामान बांधू लागला, तेव्हाही ती उगाच पिशव्या भरल्यासारखं करत होती. आता सासू चूल पेटवून येईल, दारात उभी राहील, आणि सगळं सामान उतरेल.

हौसाबाई चुलीच्या खोलीतून आल्या त्या रघूला छातीशी घेऊन. अनिता बघत राहिली. झोपलेलं पोर झोळीतून उचलायचं नाही, हा नियम त्यांचाच होता.

“अजून आटपलं नाय काय गो?” त्या म्हणाल्या. “घे ह्याला. गाडीत बस जा.”

ज्या बाईची हाक शिवेपलीकडच्या गुरांना ऐकू जायची, ती कुजबुजत होती.

“आई, काल तर तुमी म्हणलात...”

“काल म्हणले ते म्हणले. सासूचं तोंड हाय, देवळातला दगड नाय. जा.”

“पण रानात मामा...”

हौसाबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. हात थंडगार होता. “आज ते पण नाव काढू नको. गप गाडीत बस.”

आईलेकानं रात्रीतून काय ठरवलं कोण जाणे. तिनं रघूला गाडीच्या सीटवर निजवलं. गाडीखाली काळू कुत्रा बसला होता, शेपूट पोटाशी घेऊन. सकाळची भाकर त्याच्यासमोर तशीच पडली होती.

“आई बघ कशी तयार झाली,” हरेश टपावरून म्हणाला. “तूच तेवढी भित्री.”

दुधाची बाटली आत राहिली होती, ती आणायला अनिता वळली.

हौसाबाई चुलीच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. मांडीवर कोयता, आणि चिरायला काहीच नाही. चूल पेटलेली नव्हती. मागचं दार सताड उघडं होतं. पहाटे पाण्याला जाताना अनिताच्याच हातून राहिलेलं. एरवी एवढ्यावर त्यांनी तिचं माहेर उद्धारलं असतं.

“दार लावून येते,” अनिता म्हणाली.

“राहू दे उघडं.”

“कोंबड्या आत येतील.”

“येऊ देत. तू पुन्हा कशाला आलीस?”

“रघूचं दूध.”

“पोर एक येळ उपाशी राहिलं तर मरत नाय.”

असं त्या रघूबद्दल कधीच बोलल्या नव्हत्या. अनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. ती त्यांना ओलांडून आत गेली. चुलीशेजारून बाटली उचलताना तिचं लक्ष वर गेलं. माळ्यावर, पेंढ्याच्या आणि कणग्यांच्या अंधारात काही धड दिसत नव्हतं. फक्त फळीच्या कडेवरून दोरीचं टोक खाली लोंबत होतं, रघूच्या रिकाम्या झोळीच्या वर. तंबू आणला तेव्हा हरेशनं सगळं माळ्यावरच टाकलं होतं. अर्धवट कामाचा माणूस. जायचंच असेल तर तंबू घट्ट तरी बांधायला हवा. तिनं टाचा उंचावल्या, हात वर केला.

तिचं मनगट मागून कुणीतरी करकचून धरलं. गुडघेदुखीनं रडणारी सासू कधी उठली, कधी आली, तिला कळलंच नाही.

“हात लावू नको.” आवाज नव्हता, नुसता श्वास होता. “दोरीबिगर जा.”

“दोरीशिवाय तंबू कसा...”

“सरळ भाईर जा. पळू नको. निघालेल्या माणसानं मागं वळून बघू नये, ठाव हाय ना?”

ठाऊक होतं. अनिता न वळता निघाली. डोक्यात एकच होतं, की ज्या घरात पोरगं सगळ्यात सुखरूप, तिथूनच त्याला हाकलून देतायत. ओट्यावर आल्यावर मात्र राहवलं नाही, तिनं वळून पाहिलं.

हौसाबाई पाठमोऱ्या बाहेर येत होत्या. एकेक पाऊल मागं टाकत, कोयता पुढं धरून. उंबरा ओलांडला, दार ओढलं, कडी घातली, आणि कडीवरचा हात काही काढला नाही. पदर घामानं पाठीला चिकटला होता.

“तुमी घरी राहणार होतात ना?” अनितानं विचारलं.

“मी पण येते. फडक्यात झोपायला.”

हरेश टपावरून हसला. “आता बोल. चला, बसा सगळे.”

“थांबा जरा,” अनिता म्हणाली. रडू आवरत तिनं डोळे पुसले. “तंबूची दोरी तर आतच राहिली. माळ्यावरनं लोंबतेय.”

“कंची दोरी?” हरेशनं टपावरची पिशवी थोपटली. “ती काल सांजच्यालाच गाडीवर टाकली मी. ही काय.”