पातेल्यात उरलेला

"काकू, मुन्नारचा फॉर्म भरतेय. सकाळचा चहा साखरेचा की बिनसाखरेचा?" सहल कंपनीतल्या मुलीनं फोनवर विचारलं.

बाकी सगळं मी फटाफट सांगितलं होतं. इथं अडले. सासूबाई होत्या तोवर घरात पाकासारखा गोड चहा व्हायचा. मग यांना मधुमेह झाला, तेव्हापासून बिनसाखरेचा. सगळ्यांचे कप भरून पातेल्यात उरेल तो माझा.

चहाचे मळे बघायला एकटी निघालेली बाई, आणि एवढं माहीत नाही! "दहा मिनिटांनी फोन कर गं," म्हटलं.

दोन कप केले, एक गोड, एक बिनसाखरेचा. दोन्ही प्यायले. एकही माझा वाटेना.

फोन वाजला. "काय लिहू, काकू?"

"अजून पाच मिनिटं दे," म्हणाले आणि तिसऱ्या कपात अर्धाच चमचा साखर घातली.