दोन बोटांची फट

"हा खांब इथं तुटेल," संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवून उबाल्दो मिस्त्री म्हणाले.

मारिउक्सी हसली. "मिस्त्री, आत्ताच भूकंप देऊन पाहिला की! सगळं हिरवं आहे."

"मग तुमच्या यंत्राला खिडकीखालची भिंत दाखवलीच नसेल."

ती चपापली. खरंच नव्हती दाखवली. आराखडा अजून कच्चा होता. नुसते खांब, तुळया, छप्पर. अर्ध्या उंचीच्या भिंती इतक्या लवकर कोण धरतं? तिनं त्या भरल्या आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. व्हरांड्याकडचे सहाही खांब लालभडक झाले.

"भिंतीनं खांबाला कमरेपर्यंत आवळलं, की सगळा हिसका वरच्या तुकड्यावर येतो," मिस्त्री म्हणाले. "मधे दोन बोटं फट सोडा."

तिनं सोडली. लाल रंग ओसरला.

मानाबीच्या किनाऱ्यावरच्या ला गार्सेरा गावची शाळा भूकंपात कोसळली होती. नवी आखायला मारिउक्सी गुआयाकिल शहरातून आली, त्याला तीन आठवडे झाले होते. मिस्त्री रोज सकाळी यायचे. ती त्यांना आपल्यातला बोलोन, म्हणजे कच्च्या केळ्याचा तळलेला गोळा, आणि कॉफी द्यायची. ते एकेक चूक दाखवायचे. पाण्याची टाकी छपरावर नको. कोपऱ्यातला वर्ग असा बाहेर काढू नका. तिनं आकडे घालून पाहावं आणि दर वेळी म्हातारा खरा ठरावा.

मिस्त्री तिच्या कचेरीत आले की तिथले गावकरी बोलायचे थांबत, बाक रिकामं करून देत. केवढा हा मान, असं तिला वाटे.

शेवटच्या दिवशी तिनं गावाला नवी शाळा पडद्यावर हलवून दाखवली. हलली, पण उभी राहिली. एक बाई पुढं आली आणि तिचे हात धरून म्हणाली, "देव तुझं भलं करो, पोरी. आता धाकटीला शाळेत धाडीन मी."

मारिउक्सीनं वळून पाहिलं. मिस्त्री कुठं दिसेनात. ती बाहेर धावली. ते बदामाच्या झाडाखाली एकटेच उभे होते.

"मिस्त्री, हे सगळं तुमच्यामुळं झालं. कॉलेजात कुणी शिकवलं नाही, ते तुम्ही शिकवलंत. दारावर पाटी लागेल ना, तिच्यावर तुमचं नाव घालणार आहे मी."

"नको, पोरी."

"का नको? तुमचा हक्कच आहे तो!"

म्हाताऱ्यानं टोपी काढली.

"जुन्या शाळेच्या पाटीवर होतं ते. बांधणारा म्हणून."