परतीची सोय

राजूरच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात गुरुजी सांगत होते, "मंगळावर माणूस पाठवणं एकवेळ जमेल. पण त्याला परत आणायचं इंधन न्यायचं कसं, आणि त्या खर्चाला कोणतं सरकार तयार होणार?"

पाहुणे म्हणून बसलेले सरपंच रखमाजी ताडकन उठले. "माघारी आणायची सोय न्हाई अन् माणूस धाडता? त्याच्या मायबापाला काळीज हाय का न्हाई?" टाळ्या थांबेनात.

घरी आले तर ओसरीवर लेक बसलेली. पाठीवर नवऱ्याच्या पट्ट्याचे वळ. "आबा, मला तिथं परत धाडू नका."

रखमाजींनी तिची पिशवी उचलली.



"लेक एकदा दिली की माघारी घेत न्हाईत, गोजरे. ऊठ जल्दी, चारची एस्टी चुकंल."