पाचवा नियम

पुलावरच्या चौकीत लावलेल्या कागदावर पाच नियम होते. घरी स्वयंपाकघराच्या कपाटावर बाबांनी चिकटवलेल्या कागदावर चारच. तिने दोनदा मोजले.

पहिले चार तिला तोंडपाठ होते. साथ आहे तोवर विमान शिकवणारे क्लब बंद. गाडी शिकवणाऱ्या शाळा बंद. परक्या माणसाला गाडीत शेजारी बसवायचं नाही. तोंडावरचा मास्क उतरवायचा नाही. पाचवा ती पहिल्यांदाच वाचत होती: घरच्या माणसाला घरच्याने शिकवायला हरकत नाही. एका घराला एक पास, सकाळी एक तास, फ्लाइंग क्लबच्या रिकाम्या धावपट्टीवर.

बाबा वीस वर्षं गाडी शिकवत होते. अर्ध्या गावाने त्यांची बोलणी खात क्लच सोडायला शिकून घेतलं. पोटची पोर तेवढी राहिली. दिव्याखाली अंधार, असं आई हसून म्हणायची. आता मात्र ते हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. पुलापलीकडच्या प्रयोगशाळेने तिला घरोघरचे रक्ताचे नमुने आणायच्या कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, महिनाअखेर गाडीचं लायसन्स. तिने बाबांच्या किती विनवण्या केल्या.

"नियम म्हणजे नियम, बाळा," कपाटाकडे बोट दाखवून ते म्हणायचे. "माझ्या हातून मोडायचा नाही."

तिला त्यांचा अभिमानच वाटला होता. म्हणून तर आज ती मुदत वाढवून मागायला पायी निघाली होती.

घरचा कागद खालून कापलेला होता, हे तिला आठवलं. कपाटावर मावला नसेल, बाबांनी पुढचं वाचलंच नसेल. अजून बारा दिवस हातात होते. तिचा जीव भांड्यात पडला.

"काका, आम्हाला पास मिळेल?" तिने हवालदाराला विचारलं आणि घराचा पत्ता सांगितला.

हवालदाराने वही उघडली. "या घराला दिलाय की! तीन आठवडे झाले. मास्तर रोज येतात मुलीला घेऊन. पोरगी तयार झालीये हां."

"मुलगी मीच आहे."

"मग गाडीत काय भूत असतं?" हवालदार हसला.

तेवढ्यात धावपट्टीकडून बाबांच्या ड्रायव्हिंग शाळेची दोन ब्रेकांची पांढरी गाडी आली आणि चौकीपाशी थांबली. बाबा शेजारच्या सीटवर होते. स्टिअरिंगमागे मास्क लावलेली एक मुलगी, डोक्याला पिवळा स्कार्फ घट्ट बांधलेला. दिसत होते फक्त डोळे.

तो स्कार्फ ती तीन आठवडे शोधत होती. बाबांनीही शोधला होता, पार पलंग सरकवून. वर रागावलेही होते, वस्तू जागेवर ठेवायची अक्कल तुला कधी येणार म्हणून.

फीच्या पैशांसाठी चोरून शिकवण्या केल्या असत्या तर तिने एक वेळ पोटात घातलं असतं. पण तिचा पास, तिचा तास, तिचं नाव त्यांनी कुणा परकीला देऊन टाकलं होतं, आणि तिच्यासाठी ठेवला होता कात्री लावलेला कागद.

हवालदार खिडकीशी वाकला. "मास्तर, ही म्हणते, तुमची मुलगी हीच."

तिने मास्क खाली ओढला. "बाबा," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग समोरच्या रस्त्याकडे.

"मला एकच मुलगी, साहेब. त्या पोरीला मास्क लावायला सांगा." ब्रेकवरचा पाय उचलून ते शेजारी वळले. "चल बाळा, पहिला गिअर टाक."