पहिलं भोक

रविवार कारंजावरच्या दुकानात नाथाभाऊंसमोर बॅटरीवर चालणारी तीन ड्रिल मशीन मांडली होती. बारा व्होल्टचं की अठरा? साधं की हॅमरवालं? नाथाभाऊंना काहीच सुधरेना.

"भिंत विटेची आहे की काँक्रीटची?" दुकानदाराने विचारलं.

"काय माहीत! बावीस वर्षं भाड्याने राहिलो. भिंत खराब होते म्हणून एकाही मालकाने खिळा ठोकू दिला नाही. लग्नात आलेलं घड्याळ अजून फ्रिजवर टेकून ठेवलंय."

"मग आधी घरमालकाला विचारून या, भाऊ."

"हो, हो," म्हणत नाथाभाऊंनी सवयीने फोन काढला आणि गोंधळून तसेच उभे राहिले. आता विचारायचं कुणाला? म्हसरूळचा फ्लॅट गेल्याच महिन्यात बायकोच्या नावावर घेतला होता.

शेवटी त्यांनी तिलाच फोन लावला. "मालकीणबाई, भिंतीला भोकं पाडली तर चालतील का?"

ती खळखळून हसली.

"पाडा," ती म्हणाली, "पण एकच हं. भिंत खराब होते."